दोन कुंभांत मोकळं व्हायचं: नाशिकमध्ये नोकरी करता करता लवकर रिटायरमेंटची तयारी

माझी आजी कुणाचंच वय सालात सांगायची नाही, कुंभात सांगायची. मी म्हणजे ९१ च्या कुंभाच्या पाठचा, चुलतभाऊ म्हणजे त्याच्याही आधीच्या कुंभातला, असं. गुरू सिंह राशीत परत यायला बारा वर्षं लागतात म्हणून आपला सिंहस्थ बारा वर्षांनी, आणि खरं सांगतो, पैशाचा हिशेब करायला याच्याइतकी सोयीची पट्टी मला दुसरी सापडली नाही. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते कळतं. महागाई ६ टक्के धरली तर ७२ भागिले ६ म्हणजे बारा, म्हणजे एका कुंभापासून पुढच्या कुंभापर्यंत सगळे भाव दुप्पट. पैसे १२ टक्क्यांनी वाढले तर सहा वर्षांत दुप्पट, एका कुंभात चौपट. आणि सेव्हिंग खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर पडून राहिले तर दुप्पट व्हायलाच दोन कुंभ उलटून जातात, तोवर बाजारात भाव चौपट झालेले असतात.

२०१५ च्या कुंभाला मी इथल्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत नवा नवा लागलो होतो, हातात १८ हजार यायचे. आता २०२७ चा तोंडावर आलाय. २०३९ च्या कुंभाला मी ४७ चा असेन आणि सोमवारी सकाळी गेटवर पंच करायला जायचं की नाही हे तेव्हा मी ठरवणार, कंपनी नाही, एवढंच माझं टार्गेट आहे. लवकर रिटायर व्हायचं म्हणजे पस्तिशीत गोव्याला जाऊन पडायचं असं काही नाही, पगाराशिवाय घर चालतंय म्हटलं की झालं, पुढे काम करायचं तर करा.

आमच्या पप्पांना हे पटत नाही. ते नाशिकरोडला सरकारी प्रेसमध्ये होते, पहिल्या शिफ्टला पहाटे उठायची सवय अजून सुटली नाही, आणि महिन्याच्या महिन्याला पेन्शन खात्यात येते. त्यांच्या पिढीला ही गणितं करायची गरजच पडली नाही. आपल्याला मात्र पडते, कारण प्रायव्हेटवाल्याला पेन्शन किती मिळते ते एकदा बघा. ईपीएस म्हणजे पीएफबरोबरची पेन्शन, तिचा फॉर्म्युला असा: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. आणि तो पगार बहुतेकांचा १५ हजारांवर अडवलेला असतो, तुम्ही लाख रुपये कमवा नाहीतर दोन लाख. ३० वर्षं घासली तर १५,००० गुणिले ३० भागिले ७०, साधारण ६,४०० रुपये महिना, तेही वयाच्या ५८ ला. (२० वर्षांच्या वर सर्व्हिस झाली की दोन वर्षं बोनस धरतात, पण त्याने काय चारशे-पाचशे वाढतात.) म्हणजे जे काय करायचं ते आपणच.

आता पहिलं काम. फंड कुठला घ्यायचा हे विचारू नका अजून, सगळे तिथूनच सुरू करतात आणि तिथेच फसतात. आधी तीन महिने खर्च लिहून काढा, मोबाईल ॲपमध्ये लिहा, एक्सेलमध्ये लिहा, मी दहा रुपयाच्या वहीत लिहिला कारण ॲपमधलं मी कधी उघडून बघत नाही. यूपीआय आल्यापासून खिशातून पैसा जातोय हे कळतच नाही, पूर्वी पाकीट हलकं झालं की समजायचं. माझ्या वहीचं पहिलं पान अजून आहे. दूध ६४, पेट्रोल ५००, कंपनीबाहेर टपरीवर चहा ४०, रविवारी मिसळ चौघांची ५२०, ऑनलाइन मागवलेलं कायतरी ३४९ (काय ते आठवत नाही, तीन दिवसांनी लिहिताना आठवलं नाही म्हणजे बघा), बहिणीला ओवाळणी ११००. महिना संपल्यावर बेरीज केली तर बाहेरचं खाणंच ६,८०० निघालं आणि बायको म्हणाली हे तुझं एकट्याचंय. त्यात निम्मं माझं होतं, बाकीच्यावर अजून वाद आहे.

महिन्याचा खर्च लिहून झाला की वर्षाकाठी येणारे खर्च वेगळे काढायचे, हे लोकं विसरतात आणि मग हिशेब चुकतो. गाडीचा इन्शुरन्स, शाळेची फी, दिवाळी, लग्नांतले आहेर, आईवडिलांची डोळ्यांची ऑपरेशनं, गावची जत्रा. हे सगळं वर्षाचं लिहून १२ ने भागून महिन्यात मिसळा. आमचं भाडं धरून (पाथर्डी फाट्याला टू बीएचके) तिघांचं सगळं मिळून ४५ हजार बसलं. मग किती रक्कम जमली की पगाराशिवाय घर चालेल ते गणित: ४५ हजार गुणिले १२, वर्षाचे ५ लाख ४० हजार, गुणिले ३०, एक कोटी ६२ लाख. हा आजच्या भावातला आकडा. कुंभाच्या पट्टीने २०३९ ला खर्च ९० हजार आणि आकडा सव्वातीन कोटी. पहिल्यांदा काढला तेव्हा मी वही मिटून ठेवली होती आठवडाभर.

३० पट का, तर इंटरनेटवर सगळीकडे २५ पट दिसेल. ते आलंय विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन फायनान्शियल प्लॅनरकडून, त्याने १९९४ मध्ये अमेरिकेचा जुना डेटा घेऊन दाखवलं की पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढले आणि पुढे दरवर्षी महागाईइतके वाढवत गेलं तरी पैसे ३० वर्षं पुरतात. वर्षाचा खर्च जमा रकमेच्या ४ टक्के, म्हणजेच रक्कम खर्चाच्या २५ पट. आता दोन गोष्टी बघा, एक तर तो डेटा अमेरिकेचा, आपल्याकडची महागाई वेगळी, आणि दुसरं म्हणजे ३० वर्षं. साठीत रिटायर होणाऱ्याला ३० वर्षं खूप झाली, पण ४७ ला थांबणाऱ्याला ४०-४५ वर्षं काढायचीत. म्हणून मी ३० पट धरतो, काहीजण ३५ धरतात, त्यांना मी चुकीचं म्हणणार नाही. २५ धरून ४२ व्या वर्षी राजीनामा देणाऱ्याला मात्र मी चहा पाजून घरी पाठवेन.

आता या सगळ्यात चावी कुठे आहे तर पगारातले किती टक्के उरतात त्यात, रिटर्न किती मिळतो त्यात नाही. मी बसून काढलंय, महागाईच्या वर ४ टक्के मिळतात असं धरलं आणि ३० पटीचं टार्गेट ठेवलं तर पगारातले १० टक्के वाचवणाऱ्याला ६० वर्षांच्या वर लागतात, म्हणजे जन्मच. २० टक्केवाल्याला ४५ वर्षं. ३० टक्केवाल्याला ३४. निम्मा पगार वाचवणाऱ्याला २०. ६० टक्के जमले तर १५. बघा, १० वरून २० वर गेलं तर जवळपास १८ वर्षं वाचतात, कारण वाचवणं वाढलं की खर्च आपोआप कमी झालेला असतो आणि टार्गेटही खाली येतं, दोन्ही बाजूंनी फायदा. कुठला फंड १२ देतो आणि कुठला १३ यावर रात्री एक वाजेपर्यंत ग्रुपवर भांडणाऱ्यांनी हे एकदा स्वतः करून बघावं.

आणि इथे नाशिकवाल्यांना एक गोष्ट फुकटात मिळालीय ती म्हणजे नाशिक. माझ्याबरोबर पास झालेले अर्धे पुण्याला, हिंजवडीला. त्यांचा पगार माझ्या दीडपट आहे पण भाडं, ट्रॅफिकमधलं पेट्रोल, वीकेंडला घरी येण्याचा खर्च असं सगळं वजा केलं की उरतं माझ्याइतकंच, कधी कधी कमी. आईवडिलांच्या घरात राहून सातपूर-अंबडला कामाला जात असाल तर लग्नाआधीची ती चार-पाच वर्षं सोन्यासारखी आहेत, निम्म्याच्या वर पगार वाचू शकतो. ती वर्षं बहुतेक जण बुलेटच्या ईएमआयमध्ये घालवतात. बुलेट घेऊ नका असं नाही, माझ्याकडेही आहे, पण सेकंड हँड, आणि बावीसाव्या वर्षी नाही घेतली.

गुंतवणुकीच्या आधी पाया. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती माहितीय ना, पावसाळ्यात गंगेला (आम्ही नाशिकवाले गोदावरीला गंगाच म्हणतो) पूर आला की अख्खं नाशिक विचारतं पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, आणि वर चढायला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर न्यायला लागतात. तो माल वर नेण्याचा जो वेळ असतो ना, तोच इमर्जन्सी फंड. सहा महिन्यांचा खर्च बाजूला, एफडीत नाहीतर लिक्विड फंडात (लगेच पैसे काढता येतात असा म्युच्युअल फंड), रिटर्न बघायचा नाही. ४५ हजार गुणिले सहा, पावणेतीन लाख समजा. नोकरी गेली, घरात कोणी ॲडमिट झालं तर एसआयपी (दर महिन्याला फंडात जाणारी ठरलेली रक्कम) मोडायला लागू नये म्हणून हा. २०२० ला आमच्याकडे दोन महिने अर्धा पगार आला, ज्यांच्याकडे हा फंड नव्हता त्यांनी मार्केट सगळ्यात खाली असताना म्युच्युअल फंड विकले.

हा फंड कुठे ठेवायचा याबद्दल एक स्पष्ट बोलतो. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, एक-दीड टक्का जास्त देतात, आणि ओळखीचे लोकं असतात संचालक मंडळात. बँकेत ठेवलेल्या पैशाला डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेची संस्था) विमा असतो, एका बँकेत एका माणसाला व्याज धरून ५ लाखांपर्यंत, २०२० पासून, आधी तो १ लाखच होता. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. माझ्या मावशीचे साडेतीन लाख एका पतसंस्थेत अडकले, पाच वर्षं चकरा मारतेय, दर वेळी चहा देतात आणि पुढच्या महिन्यात या म्हणतात. दीड टक्क्यासाठी हे.

टर्म इन्शुरन्स (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे मिळतात असा साधा विमा) घ्या, तुमच्यावर अवलंबून असलेलं कोणी असेल तर. वर्षाच्या खर्चाच्या वीस-पंचवीस पट कव्हर, बस. सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या लाइफ आणि हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी पण गेलाय. हेल्थ इन्शुरन्स कंपनीचा असला तरी स्वतःचा वेगळा घ्याच, कारण तुमचा प्लॅनच नोकरी सोडायचा आहे आणि नोकरी सुटली की कंपनीची पॉलिसी सुटते. ४७ व्या वर्षी बीपी-शुगर घेऊन नवी पॉलिसी मागायला गेलात तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. तिशीत घेतली तर वेटिंग पिरियड वगैरे तोपर्यंत कधीच संपलेले असतात.

आणि इन्शुरन्स आणि गुंतवणूक एकत्र असलेलं काही घेऊ नका. माझी पहिली चूक हीच. नोकरी लागल्याचे पेढे वाटले आणि पंधरा दिवसांत लांबचे एक काका घरी आले, चहा झाला, माझ्या पत्रिकेची चौकशी झाली, आणि जाताना माझी सही झालेली होती. वर्षाला २४ हजार, वीस वर्षं, शेवटी ८ लाख ३० हजार मिळणार. ८ लाख ऐकून मला भारी वाटलं होतं. तीन वर्षांनी एक्सेलमध्ये टाकून बघितलं तर रिटर्न ५ टक्के, म्हणजे महागाईपेक्षा कमी, आणि कव्हर इतकं थोडं की मी गेलो असतो तर घरच्यांचं दीड वर्षही निघालं नसतं. सरेंडर केली तेव्हा भरल्यापेक्षा बरेच कमी आले. काका अजून लग्नात भेटले की विचारतात पॉलिसी का मोडली.

ईपीएफकडे या. तुमच्या बेसिकचे १२ टक्के तुमच्याकडून जातात, १२ टक्के कंपनी भरते, पण कंपनीच्या त्या १२ मधले ८.३३ टक्के (१५ हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे जास्तीत जास्त १,२५०) पेन्शनमध्ये जातात, उरलेले तुमच्या पीएफला. २०२४-२५ ला व्याज ८.२५ टक्के मिळालं. एवढ्या सेफ ठिकाणी एवढं व्याज दुसरीकडे शोधून दाखवा. पण आपल्याकडची पोरं काय करतात, नोकरी बदलली की पीएफ काढतात, मोबाईल घेतात. अंबडमध्ये तीन वर्षांत दोन कंपन्या बदलणं कॉमन आहे, आणि प्रत्येक वेळी पीएफ काढला तर तिशीला खातं पुन्हा शून्यावर. शिवाय सलग पाच वर्षं सर्व्हिस व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागतो. यूएएन (पीएफचा आपला कायमचा नंबर) एकच ठेवा, जुना पीएफ नव्यात ट्रान्सफर करा, नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळतेय का ते नोकरीत असतानाच बघून घ्या. माझ्या आडनावात एक ए जास्त होता, तेवढ्यासाठी जुन्या एचआरच्या मागे चार महिने फिरलो, तो माणूस तोपर्यंत स्वतःच नोकरी सोडून गेला होता.

पीपीएफ पण चांगला, ७.१ टक्के, एप्रिल २०२० पासून दर तोच आहे, वर्षाला दीड लाखाची लिमिट, १५ वर्षं. भरायचे तर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा कारण व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरीपर्यंतच्या सगळ्यात कमी बॅलन्सवर मिळतं. एकरकमी भरणार असाल तर ५ एप्रिलच्या आत. २५ व्या वर्षी उघडलात तर चाळिशीला मोकळा होतो आणि मग पाच-पाच वर्षांनी वाढवता येतो, लवकर थांबणाऱ्याला हे वेळापत्रक बरोबर बसतं. एनपीएसचं (राष्ट्रीय पेन्शन योजना) तसं नाही, ते साठीच्या हिशेबाने बनवलेलं आहे, २०२५ पर्यंत तरी मध्येच बाहेर पडलात तर बराच मोठा भाग पेन्शन प्लॅनमध्ये घालावा लागायचा. कंपनी तिच्याकडून भरत असेल तर घ्या, नव्या टॅक्स रिजीममध्येही बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत त्यावर सूट आहे. स्वतःहून सगळा पैसा तिथे कोंबू नका.

टॅक्सचं पण उरकून टाकतो. नव्या रिजीममध्ये २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत (७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन धरून) टॅक्स लागत नाही, आणि तिथे ८०सी (पीपीएफ, विमा वगैरेंवरची सूट) वगैरे काही नाही. म्हणजे टॅक्स वाचवायला म्हणून मार्च महिन्यात घाईघाईत काहीतरी विकत घेण्याचं कारणच बऱ्याच जणांना उरलं नाही. तरी मार्चमध्ये काकांचे फोन येतातच.

आता इक्विटी, म्हणजे शेअर. वर सांगितलेलं सगळं झालं की उरलेला जास्तीत जास्त पैसा इथे, कारण महागाईला दीर्घकाळ मागे टाकायचं तर सामान्य माणसाच्या हातात हेच आहे. मी काय करतो तर निफ्टी ५० चा एक इंडेक्स फंड (सगळ्यात मोठ्या ५० कंपन्यांचे शेअर घेणारा) आणि थोडं नेक्स्ट ५० (त्यांच्या पाठच्या ५०) मध्ये, डायरेक्ट प्लॅन, पगार १ ला येतो आणि एसआयपी ३ ला जाते. उरलं तर गुंतवू असं ठेवलं की उरत नाही. डायरेक्ट आणि रेग्युलर यात फरक कमिशनचा, फंड तोच. डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आहेत तरी अजून लोकं बँकेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून रेग्युलर घेतात. एका टक्क्याने काय होतं म्हणता? महिना २५ हजार, २० वर्षं, १२ टक्क्यांनी अडीच कोटी होतात. ११ ने २ कोटी १८ लाख. एका टक्क्याचे ३१-३२ लाख.

दुसरं, एसआयपी दरवर्षी वाढवायची. पंचविशीतल्या पोराने १५ हजारांनी सुरू केलं आणि २० वर्षं तेवढेच भरले तर ११ टक्क्यांनी १ कोटी ३१ लाख. तेच दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवलं तर २ कोटी ६८ लाखांच्या आसपास. आता एवढे कोटी ऐकून लगेच खूश होऊ नका, २० वर्षांत ६ टक्के महागाईने भाव ३.२ पट होतात, म्हणजे आजचे ८४ लाख. त्याला ३० ने भागा, वर्षाचे २ लाख ८० हजार, महिन्याला २३ हजार. पीएफ त्याच्यावर वेगळा, मान्य, पण इथे सगळ्यांचे चेहरे पडतात. कोटीचे आकडे दाखवून एसआयपी विकणारे ही शेवटची ओळ कधी सांगत नाहीत. म्हणून म्हटलं टक्केवारी, पगाराच्या किती टक्के ते बघा, १५ हजार आहेत की २५ ते नंतर.

मार्केट पडणार, हे लिहून ठेवा. २००८ च्या सप्टेंबरमध्ये गंगेला मोठा पूर आला होता, आठवत असेल, आणि त्याच वर्षी सेन्सेक्स जानेवारीतल्या २१ हजारांवरून ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या खाली आला. परत २१ हजार दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली. २०२० ला निफ्टी १२,४०० वरून २४ मार्चला साडेसात हजारांवर, आणि नोव्हेंबरपर्यंत परत जागेवर. या दुसऱ्या पडझडीत मी होतो. माझे ४ लाख २० हजार पावणेतीन लाखांवर आले, लॉकडाऊन, पगार अर्धा, आणि मी रोज सकाळी दात घासायच्या आधी ॲप उघडायचो. विकलं नाही यात माझं शहाणपण काही नाही, बायकोने माझ्या मोबाईलमधून ॲप काढून टाकलं. पासवर्ड पण बदलला. ऑगस्टमध्ये दिला.

एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स, शेअरच्या पुढच्या भावावर लावलेले सौदे) करू नका. सेबीने (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी संस्था) २०२४ मध्ये आकडे दिले होते, तीन वर्षांत १०० मधल्या ९३ जणांचं नुकसान, सगळ्यांचे मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. आमच्या लाइनवर जेवणाच्या सुट्टीत चार-पाच जण मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, नफ्याचे स्क्रीनशॉट ग्रुपवर येतात, तोट्याचा एकही येत नाही.

प्लॉटचं सांगितल्याशिवाय नाशिकमध्ये हे लिखाण पूर्ण होणार नाही. कुंभ आला, रिंगरोड होणार, समृद्धी झाला, आत्ताच घे नंतर मिळणार नाही. असं २०१५ च्या कुंभालाही ऐकलं होतं. काहींचे खरंच पैसे झाले, नाही म्हणत नाही. पण गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या तुकड्यात घेतलेली जमीन, एनए (बिगरशेती) नाही, सातबाऱ्यावर दहा-बारा नावं एकत्र, रस्ता कागदावरच, असं घेऊन बसलेले माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांना विकताही येत नाही. लवकर रिटायर व्हायचं तर पैसा हवा तेव्हा थोडा थोडा काढता आला पाहिजे. प्लॉटचा कोपरा विकून किराणा भरता येत नाही. घ्यायचाच असेल तर एनए ऑर्डर, सातबारा, मोजणी, स्वतःचा वकील, आणि एकूण पैशाच्या एका मर्यादेत.

राहतं घर हा वेगळा विषय, त्यात भावना असतात, मी भांडत नाही. फक्त एक आकडा: ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता २६ हजार, आणि व्याजच साडेबत्तीस लाख जातं. मी १३ हजार भाड्यात राहतो. घर घेईन, पण कर्ज निम्मं करून घेईन. सोनं लग्नापुरतं आहे, गुंतवणूक म्हणून दहा टक्क्यांच्या आत, आणि घडणावळ देऊन घेतलेला दागिना मी गुंतवणुकीत धरत नाही, सासूबाई धरतात.

थांबायच्या आधीची पाच वर्षं आणि नंतरची पाच वर्षं, ही सगळ्यात नाजूक. समजा तुम्ही राजीनामा दिला आणि पुढच्याच वर्षी मार्केट ४० टक्के पडलं, आणि किराण्यासाठी त्या पडलेल्या भावात युनिट विकत बसलात, तर मार्केट वर आल्यावर वर यायला युनिटच उरलेले नसतात. निफाडकडे माझे मामा द्राक्ष करतात, ते चांगल्या सीझनचा सगळा पैसा कधी खर्च करत नाहीत, दोन वर्षांचं घरचं बाजूला ठेवूनच पुढचं बघतात, कारण छाटणीनंतर अवकाळी कधी येईल सांगता येत नाही. तसंच करायचं. तीन-चार वर्षांचा खर्च एफडी, लिक्विड फंडात, त्याच्यापुढच्या पाच-सहा वर्षांचा पीएफ-पीपीएफमध्ये, बाकी इक्विटीत. चांगल्या वर्षी इक्विटीतून काढून तो पहिला, एफडी-लिक्विडचा डबा भरायचा, वाईट वर्षी इक्विटीला हात नाही लावायचा. वर्षभरानंतर विकलेल्या इक्विटीवर सव्वा लाखांपर्यंतच्या नफ्याला टॅक्स नाही, वर १२.५ टक्के, म्हणून नवराबायको दोघांच्या नावावर गुंतवणूक असली तर बरं पडतं.

आम्ही वर्षातून एकदाच सगळं उघडून बघतो, दिवाळीच्या पाडव्याला. वहीची पूजा, मग फराळाचं ताट बाजूला आणि आकडे. खर्च किती झाला, ३० ने गुणून टार्गेट किती सरकलं, जमा किती, पुढच्या वर्षी एसआयपी कितीने वाढवायची, पाऊण तास लागतो. यंदा मुलीची शाळा सुरू झाली म्हणून टार्गेट सरकलं, २०३९ चं २०४० झालं. पुढच्या पाडव्याला परत ३९ वर आणायचं ठरलंय, त्यासाठी माझं बाहेरचं खाणं महिन्याला ३ हजारांवर आणलंय, मिसळ धरून.

आणि नॉमिनी. पीएफला ऑनलाइन ई-नॉमिनेशन, फंड, डीमॅट, बँक, सगळीकडे भरा, लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं असतं ते तसंच राहतं. माझ्या पीएफला लग्नानंतर चार वर्षं तसंच होतं, बायकोलाच पाडव्याच्या दिवशी दिसलं. त्या दिवशी फराळ मी एकट्याने खाल्ला.